पेटी निघाली कॅरिअरवर

गाण्याच्या बैठकीला आपण पोहोचतो तेव्हा सतरंजी अंथरलेली असते, समई तेवत असते आणि पेटी, तबला, डग्गा आपापल्या जागी बसलेले असतात. गाणार कोण हे आपल्याला ठाऊक असतं. मध्यंतरात कॉफी आहे की मसाला दूध, तेही ठाऊक असतं. पण ती पेटी तिथवर आली कशी, हा प्रश्न पडलाय कधी तुम्हाला?

मलाही पडला नव्हता. गणपतीत रायपूरला मावशीकडे गेले आणि पडला.

मावशीचं घर तेलीबांध्याला, तलावापासून हाकेच्या अंतरावर. हा तलाव म्हणजे आता शहराची फिरायला जायची जागा. लोक कौतुकानं त्याला 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. २०१६ मध्ये इथं ८२ मीटर उंच खांबावर तिरंगा उभारला गेला, तो लांबूनही दिसतो. त्या संध्याकाळी मी फाटकाशी उभी होते. मोटारी आणि स्कूटरच्या गर्दीतून एक जुनी काळी सायकल येताना दिसली. चालवणारे गृहस्थ साठी उलटलेले. मागं कॅरिअरवर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी, अगदी झोपलेलं मूल असावं तसं.

"आले बघ आपले पेटीवाले काका," मावशी म्हणाली.

मावशीकडे दर गणपतीत घरगुती बैठक असते. रायपुरात मराठी घरं पुष्कळ. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर आला, तेव्हापासून मराठी माणसं इकडे येत राहिली. तात्यापारा हा भाग त्यांचा जुना. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ १९३५ सालचं. त्यामुळे गणपतीचे दहा दिवस साथीदारांना उसंत नसते. आज तेलीबांधा, उद्या चौबे कॉलनी, परवा आणखी कुठं. काकांची सगळी ये-जा सायकलवरून.

काकांनी सायकल घोडीवर घेतली आणि गाठी सोडायला लागले. दोरी नव्हती, जुन्या ट्यूबचे कापलेले लांब पट्टे होते.

"दोरी का नाही?" मी विचारलं.

"दोरी सैल होते ताई. आणि फार आवळली तर पेटीच्या कडा चेपतात. रबर स्वतःच धरून ठेवते. खड्डा आला की जरासं देते, पुन्हा घेते."

मग मी विचारत गेले आणि ते सांगत गेले. पेटी कॅरिअरवर लांबीनं ठेवायची, आडवी नाही. आडवी ठेवली तर दोन्ही बाजूंना बाहेर येते आणि एखाद्या स्कूटरवाल्याचा गुडघा तिला लागतो. तिचं एक टोक सीटला टेकलेलं हवं. फार मागं सरकली तर वजन मागच्या चाकाच्याही पलीकडे जातं, पुढचं चाक हलकं पडतं आणि हँडल डुलायला लागतं. साधी हातपेटी आठ-दहा किलोची, मोठी त्याहून बरीच जड. खाली गोधडीची चौपदरी घडी, वरून मेणकापड. पट्टे बांधण्याआधी भात्याची कडी लागली आहे ना, हे बघायचं. उघडा भाता रस्त्याभर आपटत राहतो. तबल्याची पिशवी हँडलला कधी लटकवायची नाही. वळताना ती हँडल ओढते. डग्गा पाठीवर, तबला पेटीच्या बाजूला.

"आणि चढ आला की?"

"उतरायचं. चढावर उतरायचं, उतारावरही उतरायचं. सपाटीवर तेवढं बसायचं," काका हसून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना चौबे कॉलनीत जायचं होतं. तेलीबांध्याहून जी. ई. रोडनं घडी चौक, शास्त्री चौक, जयस्तंभ चौक, पुढं शारदा चौकातून तात्यापारा. शारदा चौक ते तात्यापारा हा तुकडा अरुंद. त्याच्या रुंदीकरणाची चर्चा रायपूरकर वर्षानुवर्षं ऐकत आले आहेत. एकूण अंतर पाच-सहा किलोमीटर, पण पेटी मागं असली की काकांना पाऊण तास लागतो. कार्यक्रमाच्या तासभर आधी पोहोचायचंच, असा त्यांचा नेम. तबल्याच्या कातड्याला उन्हानं ताण येतो आणि पावसाळी हवेनं ते उतरतं. पेटीचे सूरही धक्क्यानं हलतात. वाद्याला त्या खोलीत थोडा वेळ बसू द्यावं लागतं, मग सुरात घ्यायचं. आपण पाहुण्यांना आधी पाणी विचारतो, तसंच हे.

खरं तर पेटी आपल्याकडे रुळली ती उचलून नेता येते म्हणूनच. पॅरिसमध्ये १८४२ साली देबँ यांनी हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते वाद्य पायानं भाता मारण्याचं, टेबलाएवढं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ते जमिनीवर मांडी घालून वाजवण्याजोगं केलं. भाता मागं गेला, एक हात त्याला, दुसरा पट्ट्यांना. पाय मोकळे झाले. काकांच्या भाषेत, ते पेडल मारायला मोकळे झाले!

तंबोऱ्याचं मात्र सायकलशी कधी जमलं नाही. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेला तो भोपळा एका धक्क्यात तडकायचा. (मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) पुढं इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा आला, आता तो मोबाइलमध्ये शिरलाय. काका तो खिशात घालून आणतात.

सायकलवरून वाद्यं नेणं म्हणजे केवळ नाइलाज, असंही समजू नका. अमेरिकेतल्या 'जिंजर निंजाज' नावाच्या वादकांनी २००७ मध्ये कॅलिफोर्नियाहून मेक्सिकोच्या दक्षिणेकडे सायकलींवरून संगीत दौरा काढला. वाद्यं सायकलींवर लादलेली, आणि ध्वनियंत्रणेला लागणारी वीजही पेडल मारूनच तयार केलेली. त्यांनी ते हौसेनं केलं, जगाला काही सांगण्यासाठी केलं. काकांची गोष्ट निराळी. त्यांच्या सायकलमागं हिशेब आहे.

तो हिशेब तुम्हीच करून बघा. समजा, घरगुती बैठकीला साथीदाराला हजार रुपये दिले. पेटी-तबला घेऊन रिक्षानं यायचं आणि रात्री परत जायचं, त्यात तीनशे गेले. रात्रीचा रिक्षावाला तर सामान बघून भाव वाढवतो. उरले सातशे. त्यात वर्षातून एकदा पेटीचे सूर लावून घेणं, तबल्याची पुडी बदलणं, सगळं आलं. सायकलवर ते तीनशे वाचतात. काकांच्या घरचं भाजी-दूध त्या तीनशेंवर चालतं.

पण सायकलही फुकट नेत नाही. तीन वर्षांपूर्वी भर पावसात एका कार्यक्रमाला जाताना पाण्याखालचा खड्डा दिसला नाही. सायकल आडवी झाली, पेटी कोपऱ्यावर आपटली. काकांच्या मनगटाला सूज आणि पेटीच्या चार पट्ट्या मुक्या. तरी ते गेले. त्या चार पट्ट्या टाळत, गायिकेला कळू न देता दोन तास वाजवलं. शेवटी यजमानांनी ठरलेलं पाकीट दिलं आणि गोड बोलून निरोप दिला. दुरुस्तीला पाकिटापेक्षा जास्त लागले.

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांनी थोडाच खड्डा खणला होता!"

मुलगा म्हणतो, बाबा, आता पुरे. सायकल विका, कार्यक्रम सोडा. काकांनी त्याला 'हा गणपती होऊ दे' असं सांगितलंय. गेल्या गणपतीतही हेच सांगितलं होतं.

हे सगळं मावशी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होती. अकरा वर्षं काका तिच्याकडे वाजवताहेत. तिनं त्यांना दरवर्षी शाल दिली, नारळ दिला, वाटलीडाळ वाढली. तुम्ही कसे आलात, कसे जाणार, हे एकदाही विचारलं नव्हतं. ती काहीच बोलली नाही. बैठक छान रंगली. ध्वनिक्षेपक नव्हता, पंधरा-वीस माणसांना लागतो कशाला? सायकलवर मावेल एवढ्या वाद्यांनी एक खोली भरते. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. आमच्या शेजाऱ्यांना तो नियम आठवायची वेळच आली नाही. उलट ते खिडकीशी येऊन बसले.

भैरवी झाली. मावशीनं काकांच्या हातात नेहमीचं पाकीट ठेवलं आणि त्यावर दुसरं. दुसऱ्यावर लिहिलं होतं, 'वाटखर्च'.

"हे काय वहिनी? मी तर सायकलवर आलो."

"म्हणूनच," मावशी म्हणाली. "रिक्षा तुम्ही वाचवलीत, ते पैसे तुमचेच. आणि पाऊस असला की फोन करा, आमचा मुलगा मोटार घेऊन येईल."

काकांनी ते पाकीट दोनदा परत दिलं. तिसऱ्यांदा खिशात ठेवलं.

वाचकहो, तुमच्याकडे बारसं असेल, डोहाळजेवण असेल, भजन असेल. पेटीवाला येणारच. मानधन ठरवताना जाण्या-येण्याचं वेगळं विचारा, त्याला मागायला लावू नका. सायकल ठेवायला पावसाचा आडोसा दाखवा. पेटी उतरवताना एक हात द्या. कार्यक्रम लांबवून त्याला रात्री बारा वाजता रस्त्यावर काढू नका. यात आपलं फार काही जात नाही. आणि पुढच्या वर्षी पेटी आपल्या दारात येईल की नाही, हे यावरच ठरत असतं.

निघताना आम्ही सगळे फाटकापर्यंत गेलो. मावसभावानं मोबाइलचा उजेड धरला, मी मेणकापड ताणून धरलं आणि काकांनी ट्यूबचे पट्टे एकेक करून आवळले. मग हँडल धरून ते चालतच निघाले.

"बसत का नाही?" मी ओरडून विचारलं.

"पुढं चढ आहे ताई!"