‘पाठपुरावा सुरू आहे’

गेल्या आठवड्यात आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आमदारसाहेबांचा वार्षिक कार्यअहवाल आला. बत्तीस पानांची रंगीत पीडीएफ. सुरुवातीला नेत्यांचे फोटो, मग शुभेच्छा, मग कामांची यादी: पेव्हर ब्लॉक, गटारं, हायमास्ट दिवे, कब्रस्तानची संरक्षक भिंत, दोन व्यायामशाळा, आरोग्य शिबिर, रमजानमधली इफ्तार, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार. दहा मिनिटांत ग्रुपवर ‘माशाअल्लाह’ची रांग लागली. पीडीएफ किती जणांनी उघडली, हा प्रश्न वेगळा.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. नवी आवृत्ती आली की ती जुनीशी ताडून बघायची, कुठली ओळ बदलली आणि कुठली तशीच राहिली हे तपासायचं, ही आमची रोजची सवय. त्याच सवयीने मी गेल्या वर्षीचा अहवाल फोनमधून शोधून काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले. एका पानावर ही ओळ होती: ‘अल्पसंख्याक मुलींच्या वसतिगृहासाठी शासनदरबारी पाठपुरावा सुरू आहे.’ गेल्या वर्षीही हीच ओळ होती. फक्त पान क्रमांक बदलला होता.

या दोन अहवालांच्या मधल्या काळात आमच्या गल्लीतल्या एका मुलीने डिप्लोमा सोडला. कॉलेज जिल्ह्याच्या गावी. सकाळी साडेसहाची एसटी, आणि संध्याकाळची गाडी चुकली की पुढची थेट रात्री. पहिलं वर्ष तिने असंच काढलं. दुसऱ्या वर्षी घरच्यांनी हात टेकले. तिची आई माझ्या आईला म्हणाली, “आपा, पोरगी हुशार आहे, पण रात्री नऊपर्यंत स्टँडवर उभी राहते. माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.” तिच्यावर जुन्या विचारांचा ठपका ठेवणं सोपं आहे. पण त्या गावात एक सुरक्षित खोली असती, तर ती मुलगी आज शेवटच्या वर्षाला असती.

म्हणून यावेळचं संपादकीय या एका ओळीबद्दल आहे. ‘पाठपुरावा सुरू आहे’ म्हणजे नेमकं काय सुरू आहे? आणि ते विचारायचं कुणी?

आधी आमदारांच्या बाजूने दोन शब्द. त्यांच्या कार्यालयात सकाळी जी गर्दी असते, ती आपलीच असते. कुणाला रेशनकार्ड हवं, कुणाला हॉस्पिटलमध्ये बेड, कुणाचा भाऊ पोलीस ठाण्यात बसवून ठेवलेला. अशा वेळी आमदाराचा एक फोन कामी येतो. पेव्हर ब्लॉकलाही मी हसणार नाही. चिखलातून जनाजा नेलेल्या माणसाला कब्रस्तानच्या रस्त्याची किंमत कळते.

पण हिशेब मांडून बघा. महाराष्ट्रात आमदाराला स्थानिक विकासासाठी मिळणारा निधी २०२२पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. काम आमदार सुचवतात, मंजुरी जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळते, आणि पैसा आपल्याच कराचा असतो. २०२४च्या निवडणुकीत राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदारसंघ २८८. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी ३ लाख ३६ हजार मतदार, आणि एका मतदाराच्या वाट्याला वर्षाला साधारण दीडशे रुपये. आता दुसरा आकडा बघा. २०२५-२६चा राज्याचा अर्थसंकल्प ७ लाख कोटींचा होता. तो विधानसभा मंजूर करते, म्हणजे त्यावर आपल्या आमदाराचंही मत असतं. बत्तीस पानांच्या अहवालात दीडशे रुपयांचा सविस्तर हिशेब आहे. सात लाख कोटींच्या चर्चेत साहेब काय बोलले, याबद्दल एक ओळही नाही.

आमदार हा विधिमंडळाचा सदस्य असतो, हे आपण विसरतो, आणि आपण विसरलो की त्यांनाही विसरणं सोयीचं जातं. वर्षाला तीन अधिवेशनं होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. तिथे सदस्याच्या हातात साधनं भरपूर असतात. तारांकित प्रश्न विचारला तर मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी मिळतं. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना देता येते. खात्याच्या मागण्यांवर कपात सूचना मांडता येते. मंत्र्याने सभागृहात शब्द दिला आणि पाळला नाही, तर तो तपासायला आश्वासन समिती आहे. सामान्य नागरिकांचं गाऱ्हाणं सभागृहापर्यंत नेण्यासाठी विनंती अर्ज समिती आहे. आमदार विरोधी पक्षात असोत की सत्ताधारी, प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही.

तेव्हा ‘पाठपुरावा’ मोजता येतो. प्रश्न कोणत्या अधिवेशनात विचारला? क्रमांक काय? मंत्र्यांनी उत्तर काय दिलं? पत्र दिलं असेल तर कोणत्या तारखेला, आणि त्याचं उत्तर कुठे आहे? माझ्या ऑफिसात कुणी सलग दोन वर्षं एखाद्या कामापुढे ‘सुरू आहे’ एवढंच लिहिलं, तर तिसऱ्या वर्षी त्याला कुणी विचारणार नाही, कारण तो तिथे नसेल.

सभागृहात न झालेल्या कामाची किंमत काय असते, हे आपल्या समाजाने पाहिलेलं आहे. सच्चर समितीचा अहवाल २००६मध्ये आला. महाराष्ट्र सरकारने २००८मध्ये डॉ. महमूदुर रहमान समिती नेमली, तिने २०१३मध्ये अहवाल दिला आणि आरक्षणाची शिफारस केली. जुलै २०१४मध्ये तेव्हाच्या आघाडी सरकारने अध्यादेश काढून मराठा समाजाला १६ टक्के आणि मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिलं. निवडणूक तीन महिन्यांवर होती. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण मुस्लिमांचं शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण तेवढं चालू ठेवायला हरकत घेतली नाही. म्हणजे न्यायालयात तेवढा भाग टिकला होता.

मग तो गेला कुठे? अध्यादेशाचं आयुष्य ठरलेलं असतं. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही, तर तो संपतो. राज्यात सरकार बदललं होतं. डिसेंबर २०१४मध्ये मराठा आरक्षणाचा कायदा सभागृहाने मंजूर केला, मुस्लिमांच्या अध्यादेशाचा कायदा झालाच नाही आणि तो आपोआप गळून पडला. पुढे २०२०मध्ये महाविकास आघाडीच्या काळात तेव्हाचे अल्पसंख्याक मंत्री नवाब मलिक यांनी विधान परिषदेत सांगितलं की, शिक्षणात ५ टक्के आरक्षणाचा कायदा आणू. कायदा आला नाही. ज्यांनी दिलं त्यांनी उशिरा दिलं, जे नंतर आले त्यांनी जाऊ दिलं, आणि जे परत आले त्यांनी शब्द पाळला नाही. या काळात अहवाल निघत राहिले, इफ्तार होत राहिल्या आणि आपण फोटो काढत राहिलो.

कोणतं काम कुणाचं, हेही कळायला हवं, म्हणजे आपली फसगत होणार नाही आणि आपण चुकीच्या दाराशी भांडणार नाही. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक मुलांची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२मध्ये बंद झाली, ती केंद्राने केली. संशोधन करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही केंद्रानेच त्याच वर्षापासून थांबवली. त्याचा जाब खासदाराला विचारायचा. कचरा, नाले, नळाचं पाणी हे महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं काम, तिथे नगरसेवक. पण अल्पसंख्याक मुलींची वसतिगृहं, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्जं, हा राज्याचा विषय आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी ‘मार्टी’ स्थापन करायला मंत्रिमंडळाने २०२४मध्ये मंजुरी दिली. त्या संस्थेत पदं किती भरली, पैसा किती मिळाला, आपल्या जिल्ह्यातली किती मुलं तिच्या योजनांत आली, हे विचारण्याची जागा विधिमंडळ आहे आणि विचारण्याचं काम आमदाराचं.

इथे एक आक्षेप नेहमी येतो: “आपला माणूसच नाही तिथे, विचारणार कोण?” २०११च्या जनगणनेनुसार राज्यात मुस्लिमांचं प्रमाण साडेअकरा टक्के आहे आणि २०२४मध्ये २८८पैकी मुस्लिम आमदार निवडून आले १०. हा आकडा बोचतो आणि बोचायलाच हवा. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. आपल्यातल्या बहुतेकांचा आमदार मुस्लिम नाही. म्हणून तो आपला आमदार नाही का? ‘आपला माणूस’ असेल तर प्रश्न विचारायचे नाहीत, कारण तो आपला. नसेल तरी विचारायचे नाहीत, कारण तो आपला नाही. मग विचारायचे कधी?

दुसरी अडचण भीतीची आहे. “नाव लक्षात ठेवतील, उद्या काम पडलं तर?” ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने विचारू नये. मोहल्ल्यातल्या पंधरा-वीस तरुणांनी सह्या करून पत्र द्यावं. भाषा अदबीची असावी, केलेल्या कामाबद्दल आधी शुक्रिया असावा. त्या वीस जणांत मुलीही असाव्यात. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्यासोबत सात मुस्लिम महिला तोंडी तलाकविरुद्ध मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. दलवाईंच्या सगळ्या मतांशी तुम्ही सहमत असा किंवा नसा, पण सात बायकांना ते दार आपलं वाटलं होतं, हे विसरू नका. आज आपल्याकडे फोन आहे, ईमेल आहे आणि पदव्याही आहेत.

पत्रात चार गोष्टी विचारा. गेल्या तीन अधिवेशनांत आपण कोणते प्रश्न आणि कोणत्या लक्षवेधी मांडल्या, त्यांची यादी मिळेल का? अहवालात ‘पाठपुरावा सुरू’ असलेल्या प्रत्येक कामाची सध्याची स्थिती, तारखेसह, कळवाल का? स्थानिक विकास निधीतून शिक्षणावर किती खर्च झाला? आणि येत्या अधिवेशनात आमच्या भागाचा एक प्रश्न, उदाहरणार्थ मुलींचं वसतिगृह, आपण मांडाल का? हे पत्र अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्या, कारण सभागृहातल्या प्रश्नांची सूचना आगाऊ द्यावी लागते. अधिवेशनाच्या तोंडावर दिलेलं निवेदन बहुतेक वेळा फोटोपुरतंच उरतं. उत्तर आलं नाही तर विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कार्यवाहीचे वृत्तांत असतात, ते स्वतः वाचा. निधीचा तपशील जिल्हा नियोजन कार्यालयात माहिती अधिकाराखाली मागता येतो. अर्जाला दहा रुपये लागतात.

आणि थोडं आरशातही बघू. अहवालात इफ्तारीला दोन पानं आणि शाळेला अर्धं पान का? कारण इफ्तारीला आपण आठशे जण गेलो होतो आणि शाळेच्या प्रश्नावरच्या बैठकीला अकरा. आमदारांना मोजता येतं. आपण जिथे गर्दी करतो, तिथेच त्यांचा कॅमेरा जातो.

पद ही अमानत असते, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अमानत ठेवणाऱ्याने अधूनमधून विचारपूस करावी, यात अपमान कुणाचाच नाही.

मी आमच्या ग्रुपवर दोन्ही वर्षांच्या त्या ओळीचे फोटो शेजारी शेजारी टाकले आणि खाली फक्त एवढंच लिहिलं: “साहेबांना विचारूया का?” बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका काकांनी लिहिलं, “बेटा, उगाच कशाला.” त्यांच्या खाली त्या मुलीचं उत्तर आलं, डिप्लोमा सोडलेल्या: “पत्र मी लिहिते. सह्या तुम्ही करा.”

आतापर्यंत सतरा सह्या झाल्यात. काकांचीही आहे.