जात पाहावी शरीरासाठी, स्वभावासाठी नव्हे

सदनिकेत मोठा कुत्रा आणताना आपण प्रथम जात विचारतो. जातीवरून शरीर कळते. स्वभाव फारसा कळत नाही. ‘सायन्स’ नियतकालिकातील २०२२ च्या संशोधनात कुत्र्यांच्या वर्तनातील भिन्नतेपैकी जेमतेम ९ टक्के भिन्नतेचा उलगडा जातीवरून झाला.

केसांचे आवरण मात्र जातीनुसारच ठरते. कुत्रा शरीरातील उष्णता मुख्यत्वे धापा टाकून बाहेर सोडतो. आल्प्सच्या हिमप्रदेशातील दाट केसांच्या सेंट बर्नार्डला दिल्लीच्या उन्हाळ्यात कोंडणे ही क्रूरताच होय. आखूड केसांचा तामिळ राजपालयम आपले ऊन अधिक सहज सोसतो.

म्हणून हवामानासाठी जात पाहावी. शांतपणासाठी मात्र प्रौढ कुत्र्याला प्रत्यक्ष भेटून पारखावे. घराचे चौरस फूट त्यानंतर मोजावेत.