दिवा विझवू नका, दोष शोधा

तोरणमाळच्या घाटात डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा दिवा पेटून राहिला आणि मेकॅनिकने तो बल्बच काढून टाकला, तर ती दुरुस्ती नव्हे. धोका झाकणे आहे. धडकेत एअरबॅग उघडेलच, याची मग खात्री नसते.

दोष बऱ्याचदा साधा निघतो: सीटखालचा पिवळा कनेक्टर सैल, नाहीतर स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग तुटलेली. पण शोधायचा स्कॅनरने, कोड वाचून. साध्या मल्टिमीटरने एअरबॅग तपासणे म्हणजे ती हातात फोडून घेण्याचा धोका. बॅटरी सोडवल्यावरही काही मिनिटे थांबावे लागते, कारण कपॅसिटरमध्ये वीज उरते.

१ जुलै २०१९पासून नव्या कारमध्ये चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. त्यामुळे नंदुरबार, शहाद्याच्या गॅरेजवाल्यांनाही स्कॅनरने दोष शोधण्याचे प्रशिक्षण मिळायलाच हवे.

तोवर, दिवा पेटला असेल तर घाटात शिरण्याआधी कोड तपासून घ्या.