साल्साचा क्लास काढायचाय? आधी चार आणि आठवर थांबायला शिका



डान्स क्लासच्या धंद्यावर बोललो की एक प्रश्न हमखास येतो : "सर, तीन महिने साल्सा शिकलोय, स्वतःची बॅच काढू का?" किती टर्न येतात ते मला सांगू नका. कधी न ऐकलेलं गाणं लावलं, तर त्यातला 'एक' सापडतो का? सापडत नसेल तर हॉलचं डिपॉझिट भरू नका.

बेसिक स्टेप तशी दोन ओळींची. लीड करणारा 'एक'ला डावा पाय पुढे टाकतो, 'दोन'ला वजन परत उजव्यावर घेतो, 'तीन'ला डावा मध्ये आणतो. 'चार'ला पाऊल नाही. 'पाच'ला उजवा मागे, 'सहा'ला वजन डाव्यावर, 'सात'ला उजवा मध्ये, 'आठ'ला पुन्हा पाऊल नाही. समोरचा पार्टनर आरशासारखा : त्याचा 'एक'ला उजवा पाय मागे. आठ ठोक्यांत सहा पावलं, बस्स. आणि पावलं छोटी ठेवा. बरीच गाणी मिनिटाला 180-200 ठोक्यांची असतात. लांब पाऊल टाकलं की वजन परत यायला उशीर होतो, आणि 'तीन'लाच तुम्ही मागे पडता.

आपली खरी अडचण 'चार'ची. आपण मिरवणुकीत नाचून वाढलेली माणसं. ढोलाचा ठोका पडला की पाय पडलाच पाहिजे. साल्सात नेमक्या त्या जागी काँगा हा ड्रम 'टुम-टुम' असा उघडा वाजतो आणि पाय मात्र थांबलेला हवा. थांबलेला म्हणजे पुतळा नव्हे हं! 'तीन'च्या पावलावर वजन नीट बसायला मिळालेला तो वेळ आहे. नवीन माणूस तो वेळ भरून काढतो, 'चार'लाच पुढचं पाऊल टाकतो आणि मग पूर्ण गाणंभर गाण्याच्या पुढे धावतो.

कान तयार करायचा सोपा मार्ग : गाण्याच्या उत्तरार्धात, कोरस सुरू झाला की घंटेसारखी काऊबेल ऐकू येते. तिचे जड ठोके एक, तीन, पाच, सातवर पडतात. आठवडाभर नाचू नका, बसून टाळी द्या.

आता धंद्याचं. बरेच क्लास पहिल्याच दिवशी टर्न शिकवतात, कारण टर्नची रील छान दिसते आणि ॲडमिशन येतात. मला हे पटत नाही. दुसऱ्या महिन्यात तोच विद्यार्थी पार्टीत जातो, अनोळखी पार्टनरसोबत त्याची मोजणी कोसळते, आणि तो तुमच्याकडे परत येत नाही. वर चार जणांना सांगतो ते वेगळंच. पहिले चार तास फक्त बेसिक आणि टाळी, असं फी घेतानाच स्पष्ट सांगा. दोन-तीन जण कंटाळून जातील, जाऊ द्या.

राहिला 'ऑन वन' की 'ऑन टू'. न्यूयॉर्कमध्ये एडी टोरेस यांनी लोकप्रिय केलेल्या 'ऑन टू'मध्ये दिशा 'दोन' आणि 'सहा'ला बदलते. वर सांगितलेली पद्धत 'ऑन वन'. दोन्ही उत्तम. पण नवख्या बॅचला दोन्ही एकदम शिकवू नका. तुमच्या शहरातल्या पार्ट्यांमध्ये लोक जे नाचतात त्यानेच सुरुवात करा, नाहीतर तुमच्या विद्यार्थ्याला नाचायला पार्टनरच मिळणार नाही.