पाण्यात उतरायचे कोणी?

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसचे ऑलिम्पिक चालू असताना शाळेत चर्चा होती ती नीरज चोप्राच्या भाल्याची आणि हॉकीच्या कांस्यपदकाची. पण पाचवीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत आम्हाला भलताच प्रश्न विचारला, "बाई, टीव्हीवर त्या मुली पाण्यात डोके खाली पाय वर करून नाचतात आणि वर आल्या की लगेच हसतात. त्यांना धाप लागत नाही का?" तेव्हा आम्ही हसून वेळ मारून नेली. गेल्या पालकसभेत मुलींना उन्हाळ्याच्या सुट्टीत पोहायला शिकवावे अशी सूचना आली आणि सभेचा रंगच पालटला, तेव्हा तो प्रश्न पुन्हा आठवला.

धाप लागते, चांगलीच लागते. ती दिसू द्यायची नाही, हाच तर त्या खेळाचा कस. याचे जुने नाव सिंक्रोनाइज्ड स्विमिंग; २०१७ पासून त्याला कलात्मक जलतरण म्हणतात. आठ जणींचा संघ, तळाला पाय टेकायचे नाहीत, श्वास रोखून हालचाली करायच्या आणि पाण्याखालच्या ध्वनिक्षेपकातून येणाऱ्या संगीतावर मनात आठाआठाचे आकडे मोजत राहायचे. एकीचा आकडा चुकला की सगळ्या संघाचे गुण जातात. १९८४ च्या लॉस एंजेलिसपासून हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आहे. २००० पासून टोकियोपर्यंतची सगळी सुवर्णपदके रशियन मुलींनी नेली. पॅरिसला रशिया नव्हता आणि दोन्ही सुवर्णपदके चीनकडे गेली. (हा मुलींचा खेळ म्हणून नाक मुरडणाऱ्या आमच्या मुलांसाठी : पॅरिसला प्रत्येक संघात दोन पुरुष घेण्याची मुभा प्रथमच मिळाली होती. एकाही देशाने घेतला नाही, ही गोष्ट वेगळी.)

आपल्याला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आपली लेझीम म्हणजे जमिनीवरचा तोच प्रकार. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या उद्घाटनाला सांगलीच्या सुमारे ४०० जणांनी लेझीम सादर केली होती, तिची आठवण जुनी मंडळी अजून काढतात. एका तालावर, एका मनाने हलणे आपल्याला येते. येत नाही ते पोहणे.

२०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तालबद्ध जलतरण होते. यजमान म्हणून आपल्याही मुली उतरल्या, पण कॅनडाने एकेरी व दुहेरी दोन्ही सुवर्णपदके नेली आणि आपण पदकापासून दूरच राहिलो. ऑलिम्पिकमध्ये तर या खेळात भारत आजवर उतरलेलाच नाही. त्या मुलींना नावे ठेवण्यात अर्थ नाही. ज्या देशात हजारो मुली लहानपणी पोहायला शिकतात तिथे त्यांतून आठ निवडता येतात. आपल्याकडे निवडायला आधी पोहणाऱ्या मुली तर हव्यात!

आता पालकसभेतल्या हरकतींकडे येतो. "आमच्या मुली काय ऑलिम्पिकला जाणार आहेत?" असे एका काकांनी विचारले. नसतील जाणार. पण आपण तापीकाठची माणसे. खानदेश-वऱ्हाडातून आपले आजे-पणजे इथे कागद कारखान्यात नोकरीला आले, १९५५ साली उत्पादन सुरू झाले, त्यांच्यापैकी कितीतरी जण पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकलेले होते. त्यांच्या बहिणी मात्र काठावर कपडे सांभाळत बसायच्या. आज नातीही काठावरच आहेत, आणि नातवांनाही विहीर राहिलेली नाही. उन्हाळ्यात कोणी बुडाल्याची बातमी आली की आपण हळहळतो आणि मुलांना पाण्यापासून आणखी लांब ठेवतो.

पोशाखाच्या हरकतीवर आम्ही फार बोलत नाही. अंगभर पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो, आणि मुलींसाठी वेगळी वेळ मागता येते.

तिसरी हरकत खरी होती : "काही कमीजास्त झाले तर जबाबदारी कोण घेणार?" यावर सभेत कोणीच बोलले नाही. आम्हीही नाही.

२०२२ च्या जूनमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेची अनिता अल्वारेझ आपला एकेरीचा प्रयोग संपताच बेशुद्ध झाली आणि सरळ तळाकडे जाऊ लागली. प्रशिक्षिका आंद्रेआ फुएंतेस काठावर होत्या. त्यांनी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली आणि तिला वर आणले. हजारो डोळे प्रयोगाकडे होते, त्यांचे डोळे त्या मुलीकडे होते, म्हणून ती वाचली. पुढे याच फुएंतेसबाईंच्या हाताखाली अमेरिकेचा संघ २००८ नंतर प्रथमच ऑलिम्पिकला पात्र ठरला आणि पॅरिसला रौप्यपदक घेऊन परतला. २००४ नंतरचे त्यांचे या खेळातले ते पहिले पदक, आणि त्या आठ जणींत अनिता होती. आपल्याला पाण्यातून कोण काढील हे माहीत असलेली मुलगीच इतका वेळ श्वास रोखू शकते, असे आम्हाला वाटते.

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या लेझमीची तालीम सकाळी सातला चालू होती. मागच्या रांगेतली एक मुलगी उपाशीपोटी आली होती, तिला घेरी येऊ लागली. आम्ही शिक्षक ओळ सरळ आहे का ते बघत होतो. पथकाची प्रमुख नववीतली. तिने शिट्टी वाजवून सगळे पथक थांबवले, मागे धावली आणि मुलीला धरले. आणि आम्ही काय केले? न विचारता ताल मोडला म्हणून त्या प्रमुखालाच सर्वांसमोर रागावलो. नंतर खरा प्रकार कळला, पण तिची माफी मागायची राहून गेली. ती आज इथे, छापून मागतो. वास्तविक तिला प्रमुख केले होते ते तिची उंची बघून!

तेव्हा जबाबदारी कोण घेणार, याचे उत्तर आम्ही आता देतो. आम्ही घेऊ. मुलींबरोबर दोन शिक्षिका जातील. एकीने काठावर उभे राहून फक्त डोकी मोजायची, दुसरे कसलेही काम करायचे नाही. प्रशिक्षक जाणकार असल्याशिवाय एकही मुलगी पाण्यात उतरणार नाही. पालकांचे लेखी संमतिपत्र आणि डॉक्टरांचा दाखला घेऊ. आपल्या शाळेला तलाव नाही, म्हणून बऱ्हाणपूर, खंडवा दोन्हीकडे चौकशी करावी लागेल. गाडीभाडे आणि शुल्क यांचा भार सर्वांनाच पेलणार नाही, तिथे विश्वस्तांनी हात सैल करावा. गेल्या वर्षी प्रवेशद्वाराच्या कमानीला रंग दिला, तेव्हा पैसा निघालाच होता.

विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत हा विषय यावा असे पत्र आम्ही दिले आहे. ज्या पालकांची तयारी आहे त्यांनी मुलीचे नाव कार्यालयात द्यावे. आतापर्यंत अकरा नावे आली आहेत. पहिले नाव लेझीम पथकाच्या त्या प्रमुखाचे आहे. ती आता दहावीत आहे, परीक्षा संपली की येईन म्हणाली.