इवलेंसें धर्मराज्य

आमच्या वसई तालुक्यांतील गास गांवच्या परिसरांत सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती हे दोन्ही समाज एकच कादोडी बोली बोलतात. बोली एक आणि वाड्या लगतच्या. तरीही आपल्या घरांतून एक शंका अधूनमधून ऐकूं येते: "यांचा धर्मगुरु परक्या देशाचा राजा, मग यांची निष्ठा कोणाकडे?" तें राज्य केवढें आहे आणि कशासाठीं आहे, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाहीं. तो आज थोडक्यांत करूं.

रोम नगराच्या पोटांत वसलेल्या व्हॅटिकन राज्याचें क्षेत्रफळ अवघें ४४ हेक्टर, म्हणजे सुमारें १०९ एकर. वस्ती हजाराच्या आंत. संत पीटरच्या चौकांत शिरतांना इटलीची हद्द संपल्याची खूण म्हणजे जमिनीवरील एक पांढरी रेघ. चौकास बर्निनीच्या २८४ स्तंभांचा वेढा असून समोरचें महामंदिर १५०६ पासून १६२६ पर्यंत बांधलें जात होतें. खांदे वा गुडघे उघडे असल्यास त्यांत प्रवेश मिळत नाहीं. आपल्या देवळांत वावरलेल्यास या नियमाचें नवल वाटूं नये.

कौटिल्यानें राज्याचीं सात अंगें सांगितलीं आहेत: स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड आणि मित्र. तीं या राज्यास लावून पाहण्यासारखीं आहेत. स्वामी म्हणजे पोप. सर्व सत्ता त्याच्या हातीं, पण वारसाहक्क नाहीं. ऐशीं वर्षांखालील कार्डिनल त्यास दोन तृतीयांश मतांनीं निवडतात. ८ मे २०२५ रोजीं लिओ चौदावे असेच निवडले गेले. अमात्य आहेत, तटबंदी आहे, कोश आहे. दंड म्हणाल तर १५०६ पासून चालत आलेलें स्विस रक्षकांचें लहानसें पथक. परंतु जनपद जवळजवळ नाहींच. तेथें जन्मानें कोणी नागरिक होत नाहीं; नागरिकत्व पदामुळें वा तेथील वास्तव्यामुळें मिळतें आणि तें कारण संपलें कीं जातें. उलट मित्र हें अंग अवाढव्य आहे. शंभराहून कितीतरी अधिक राष्ट्रांशीं त्याचे राजनैतिक संबंध असून भारताशीं ते १९४८ पासून आहेत. मात्र परराष्ट्रांचे वकील जातात ते पोपच्या धर्मपीठाकडे, त्या १०९ एकरांकडे नव्हे. भूमि ही पीठाची केवळ बैठक होय.

ही बैठक कां हवी होती, हें इतिहासावरून कळतें. पोपचें राज्य पूर्वीं मध्य इटलीभर पसरलें होतें आणि इतर राजांप्रमाणें तेंही युद्धें करी. २० सप्टेंबर १८७० रोजीं इटलीच्या सैन्यानें रोम घेतलें. त्यानंतर अठ्ठावन वर्षांहून अधिक काळ पोप स्वतःस व्हॅटिकनचे बंदी मानीत राहिले. ११ फेब्रुवारी १९२९ रोजीं लॅटरन करार होऊन आजचें चिमुकलें राज्य निर्माण झालें. धर्मपीठ कोणत्याही सरकारच्या मुठींत राहूं नये, एवढाच त्याचा हेतु.

धर्म सरकारच्या मुठींत गेला म्हणजे काय होतें, हें आमच्या वसईनें अनुभवलें आहे. पोर्तुगालच्या राजास पोपनीं 'पाद्रोआदो' नांवाचा हक्क दिला होता. पूर्वेकडील धर्माध्यक्ष नेमण्यांत राजाचा शब्द चाले. १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई जिंकली, पोर्तुगीज गेले, पण तो हक्क मागें उरला. मुंबई परिसरांत रोमचे आणि पोर्तुगालचे धर्माधिकारी शेजारीं शेजारीं राहून कित्येक पिढ्या भांडले. १९२८ च्या करारानें हा दुहेरी कारभार मिटला व वसईचीं चर्चें मुंबईच्या धर्मप्रांतांत आलीं. १९९८ मध्यें वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. म्हणजे ज्या रोमविषयीं आपण शंका घेतों, त्याच रोमशीं झालेल्या करारानें हीं चर्चें पोर्तुगालच्या अधिकारांतून सुटलीं.

पुढें १९६२ ते १९६५ या काळांत भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासना लोकभाषांत करण्यास मोकळीक दिली. लॅटिनच्या जागीं वसईच्या चर्चांतून मराठी प्रार्थना घुमूं लागल्या. संस्कृतावर जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यास लॅटिन मागें पडल्याची हळहळ वाटते. पण प्रार्थनेचा अर्थ बागाईतदाराच्या घरांतील म्हातारीस कळूं लागला, हा लाभ मोठाच आहे.

आतां शंकेचें उत्तर. गासचा ख्रिस्ती शेतकरी व्हॅटिकनचा नागरिक नाहीं. त्याचें मत येथें, कर येथें, सातबाराही येथलाच. रोमकडे त्याची श्रद्धा आहे, आणि श्रद्धा म्हणजे प्रजापण नव्हे. मुलांनीं पुन्हां विचारल्यास त्यांना एवढा भेद तरी नीट समजावून सांगावा, अशी आमची गृहस्थ वाचकांस विनंति आहे.