दुधाच्या हिशेबाबाहेरचे वासरू

गोव्याच्या दुधाची चर्चा बहुधा दर, अनुदान आणि भेसळ या तीन विषयांभोवती फिरते. राज्यातील उत्पादन गरजेला पुरे पडत नसल्यामुळे शेजारी राज्यांतून येणाऱ्या दुधावर गोमंतकीय घरांची सकाळ अवलंबून असते. चोर्ला आणि अनमोड या घाटांपलीकडचा बेळगाव जिल्हा हा त्या पुरवठ्याचा जुना आणि जवळचा आधार आहे. भाजीपाल्याप्रमाणेच दुधाच्या आणि दुभत्या जनावरांच्या बाबतीतही गोव्याचे हित या पट्ट्याशी जोडलेले आहे. म्हणूनच तेथील गोठ्यांत जन्माला येणाऱ्या वासरांचे काय होते, हा प्रश्न केवळ कर्नाटकातील पशुपालकांचा राहत नाही. आज जन्मलेली कालवड जगली, तर साधारण अडीच-तीन वर्षांनी ती दूध देऊ लागते. पहिल्याच पंधरवड्यात दगावली, तर तिची जागा भरून काढण्यासाठी शेतकऱ्याला कर्ज काढून दुसरी गाय विकत घ्यावी लागते.

वासराच्या आयुष्यातील सर्वांत धोक्याचा काळ म्हणजे पहिले तीन ते चार आठवडे. या काळात होणारी हगवण हे जगभर वासरांच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण मानले जाते. पहिल्या तीन-चार दिवसांतील हगवणीमागे बहुधा ई-कोलाय जिवाणूचा एक विशिष्ट प्रकार असतो. त्यानंतर, साधारण पाचव्या दिवसापासून पुढच्या दोन-तीन आठवड्यांत, रोटाव्हायरस आणि कोरोनाव्हायरस हे दोन विषाणू पुढे येतात. ते आतड्याच्या अस्तरातील पेशी नष्ट करतात. प्यायलेले दूध पचत नाही, पाण्यासारखी पिवळसर हगवण सुरू होते आणि अंगातील पाणी व क्षार झपाट्याने कमी होतात. डोळे खोल गेलेले, कान थंड पडलेले, उठून उभे राहू न शकणारे वासरू हे दृश्य बहुतेक पशुपालकांच्या परिचयाचे आहे. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. क्षार-साखरेचे पाणी वेळेवर आणि पुरेसे पाजणे, दूध पूर्णपणे न तोडणे आणि वासराला ऊब देणे, हाच उपचाराचा कणा आहे. मात्र आजार दिसू लागेपर्यंत विषाणू शेणावाटे गोठाभर पसरलेला असतो आणि तेथे तो दीर्घकाळ टिकून राहतो.

यावरचा खरा बचाव आईकडून येतो आणि तो समजून घेण्यासाठी गायीच्या शरीररचनेतील एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे लागते. मानवी बाळाला गर्भात असतानाच वारेतून आईची प्रतिपिंडे मिळतात. गायी-म्हशींच्या वारेची रचना निराळी असल्यामुळे ती प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचू शकत नाहीत. वासरू जन्माला येते तेव्हा त्याच्या रक्तात संरक्षक प्रतिपिंडे जवळपास नसतातच. निसर्गाने ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी चिकावर सोपवली आहे. विण्याच्या आधीच्या साधारण चार-पाच आठवड्यांत गायीच्या रक्तातील प्रतिपिंडे कासेत साठत जातात आणि पहिल्या धारेत ती सर्वाधिक असतात.

या देणगीला वेळेची कठोर मर्यादा आहे. नवजात वासराचे आतडे ही मोठ्या आकाराची प्रथिने जशीच्या तशी रक्तात घेऊ शकते, पण ही क्षमता जन्मानंतर तासागणिक घटत जाते. सहा तासांनंतर ती बरीच कमी झालेली असते आणि सुमारे 24 तासांनी संपुष्टात येते. त्यामुळे वासराच्या वजनाच्या साधारण एक दशांश इतका चीक, म्हणजे 30 किलोच्या संकरित वासराला सुमारे 3 लिटर, पहिल्या काही तासांतच पोटात जाणे आवश्यक ठरते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक रक्तातील संरक्षण वाढवत नाही. तरीही तो वाया जात नाही, कारण त्यातील प्रतिपिंडे आतड्याच्या पोकळीतच विषाणूला अडवतात. रोटाव्हायरसचा हल्ला आतड्यावरच होत असल्याने हे स्थानिक संरक्षण विशेष मोलाचे असते आणि चीक किंवा चिकाळ दूध जितके दिवस चालू राहील तितके दिवस ते मिळत राहते.

निपाणी, चिकोडी, हुक्केरी, खानापूर या पट्ट्यातील पशुपालकाला चिकाचे महत्त्व ठाऊक नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अडचण आहे ती वेळेसंबंधीच्या समजुतीची. वार पडल्याशिवाय वासराला कासेला लावू नये, असा समज दख्खनच्या ग्रामीण भागात अजूनही आढळतो. वार पडायला आठ-दहा तास लागू शकतात आणि नेमके तेच तास वासरासाठी निर्णायक असतात. याउलट वासराने लवकर ओढल्यास वार सुटण्यास मदतच होते. दुसरी गोष्ट खरवसाची. कन्नडभाषक घरांतील गिण्णू असो वा मराठी घरांतील खरवस, शेजारीपाजारी चीक वाटण्याची रीत जिव्हाळ्याची आहे आणि ती मोडण्याचे कारण नाही. अट एवढीच, की पहिल्या धारेवर पहिला हक्क वासराचा असावा. पुढच्या चार-पाच दिवसांतील चिकाळ दूध तापवताच फाटत असल्याने ते डेअरीला घालताच येत नाही. ते वासराला पोटभर पाजण्यात शेतकऱ्याचे काहीही नुकसान नाही.

चीक वेळेवर पाजला, तरी त्यात नेमक्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे पुरेशी असतील याची खात्री नसते. येथे गाभण गायीच्या लसीकरणाचा प्रश्न येतो. रोटाव्हायरस, कोरोनाव्हायरस आणि ई-कोलाय यांच्याविरुद्धची संयुक्त लस अनेक देशांत दीर्घकाळ वापरात आहे. ती वासराला टोचली जात नाही, तर गायीला विण्याच्या 12 ते 3 आठवडे आधी दिली जाते. लसीमुळे गायीच्या रक्तात प्रतिपिंडे वाढतात, ती कासेत उतरतात आणि चिकावाटे वासराला मिळतात. ही साखळी कुठेही तुटली, तर लस व्यर्थ ठरते. गाय वेळेवर आटवली नाही, शेवटच्या दोन महिन्यांत तिला पुरेसे खाद्य मिळाले नाही किंवा चीक उशिरा पाजला, तर लशीवरचा खर्च पाण्यात जातो.

या साखळीतील बहुतेक कड्या गायीच्या भाकड काळात येतात. नेमक्या याच काळात ती कोणाच्याही हिशेबात नसते. सीमाभागातील दुग्धव्यवसायाची सारी रचना लिटरवर उभी आहे. कर्नाटक सरकारचे प्रोत्साहन अनुदान सहकारी संस्थेला घातलेल्या दुधाच्या प्रत्येक लिटरवर मिळते. संघाचा दर फॅट आणि एसएनएफवर ठरतो, दिवाळीचा फरक वर्षभरात घातलेल्या दुधावर निघतो. आटलेल्या गायीच्या नावापुढे संस्थेच्या वहीत शून्य असते. त्यामुळे खुराकात कपात होते ती तिच्याच. पाच-सहा जनावरांच्या गोठ्यात ही कपात निष्काळजीपणामुळे होत नाही. हाती येणारा पैसा ज्या जनावराकडून येतो, त्यालाच पेंड मिळते, असा हा व्यवहार आहे. पण त्याची किंमत पुढच्या पिढीला चुकवावी लागते.

सरकारी लसीकरणाचे प्राधान्यक्रमही याला पूरक नाहीत. सप्टेंबर 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमासाठी केंद्राने 13,343 कोटी रुपयांची तरतूद केली. त्याचा रोख लाळ्या-खुरकूत आणि ब्रुसेलोसिस या दोन रोगांवर होता. 2022 मध्ये लम्पीच्या साथीने देशभर थैमान घातल्यावर त्या रोगाकडे यंत्रणा वळली. हे प्राधान्य चुकीचे नाही. लाळ्या-खुरकूत गावेच्या गावे आजारी पाडतो, ब्रुसेलोसिस माणसालाही होतो. वासरांची हगवण मात्र एकेका गोठ्यात, आवाज न करता घडते. साथ म्हणून तिची बातमी होत नाही, मेलेल्या वासराचा विमा बहुधा नसतो आणि सहकारी संस्थेच्या वहीत त्याचा रकाना नसतो. ज्या मृत्यूची नोंदच होत नाही, त्यासाठी निधी मागणार तरी कोणत्या आधारावर?

लस हे परदेशी तंत्रज्ञान असल्याचे कारण येथे पुरे पडत नाही. वासरांतील रोटाव्हायरस 1969 मध्ये अमेरिकेतील नेब्रास्कात ओळखला गेला, तर मानवी बालकांतील रोटाव्हायरस 1973 मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्नमध्ये. पुढे बालकांसाठी भारतात तयार झालेल्या दोन लशी या गोवंशाच्या ऋणातच आहेत. दिल्लीत नवजात अर्भकात सापडलेल्या ज्या विषाणूपासून रोटाव्हॅक बनली, त्याचा एक जनुकीय अंश गोवंशीय विषाणूचा होता. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटासील ही तर मानवी आणि गोवंशीय विषाणूंच्या संकरातूनच सिद्ध झाली आहे. 2016 पासून रोटाव्हायरसची लस देशाच्या सार्वत्रिक लसीकरणात टप्प्याटप्प्याने आली आणि आज बालकांना ती मोफत मिळते. ज्या देशाकडे हे ज्ञान आणि उत्पादनक्षमता आहे, त्या देशात गाभण गायीसाठीच्या लशीला नियमित सरकारी कार्यक्रमात स्थान नसावे, यात प्रश्न क्षमतेचा उरत नाही.

सीमेचा मुद्दा या चित्रात आणखी एक पेच निर्माण करतो. निपाणीपासून कागल हाकेच्या अंतरावर आहे. वेदगंगा-दूधगंगेच्या खोऱ्यातील गावे बाजारहाट, सोयरीक आणि जनावरांची खरेदी-विक्री सीमारेषा न पाहता करतात. पशुवैद्यकीय सेवा आणि लसीकरणाच्या मोहिमा मात्र दोन राज्यांच्या दोन वेळापत्रकांनुसार चालतात. 1956 पासूनचा सीमावाद न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. विषाणूला त्या निकालाची प्रतीक्षा नसते.

गोव्याचा थेट संबंध येतो तो येथे. राज्याच्या सुधारित कामधेनू योजनेतून पशुपालकांना दुभती जनावरे घेण्यासाठी अनुदान मिळते आणि ही जनावरे मोठ्या प्रमाणावर शेजारी राज्यांतून येतात. दिवस भरत आलेली गाय आणली, की दूध लवकर सुरू होते, हा खरेदीमागील स्वाभाविक विचार असतो. मात्र गायीच्या चिकात प्रतिपिंडे असतात ती तिने पूर्वी तोंड दिलेल्या, म्हणजे जुन्या गोठ्यातील जंतूंविरुद्धची. विण्याच्या आठवडाभर आधी ती सत्तरीत किंवा केप्यात आणली, तर नव्या गोठ्यातील जंतूंची ओळख होऊन प्रतिपिंडे तयार व्हायला आणि ती कासेत उतरायला वेळच मिळत नाही. तिचे वासरू अनोळखी जंतूंच्या स्वाधीन होते, त्यात प्रवासाचा ताणही भर घालतो. गाय आणायची तर विण्याच्या किमान महिना-दीड महिना आधी, अन्यथा व्याल्यानंतर वासरू थोडे सावरल्यावर, एवढी एक सूचना अनुदानाच्या अटींत आली तरी पुष्कळ साधेल. तिला अतिरिक्त निधी लागत नाही.

उर्वरित उपायही आवाक्याबाहेरचे नाहीत. बेळगाव-निपाणी हा उसाचा पट्टा आहे आणि रसातील साखरेचा ब्रिक्स मोजणारे हातातले रिफ्रॅक्टोमीटर तेथे नवे नाही. तेच उपकरण चिकाची प्रतही दाखवते. 22 किंवा त्याहून अधिक ब्रिक्स आल्यास चीक चांगला समजला जातो. प्रत्येक सहकारी संस्थेत असे एक उपकरण आणि चांगल्या गायीचा जादा चीक गोठवून ठेवण्याची सोय असली, तर विताना गाय दगावलेल्या किंवा चीक कमी असलेल्या गोठ्यातील वासरालाही आधार मिळेल. नंदिनी, गोकुळ किंवा गोवा डेअरी यांसारख्या संघांनी सातव्या महिन्यात गाय आटवण्याची आठवण, भाकड काळातील खाद्यासाठी थोडी उचल आणि वासरांच्या जन्म-मृत्यूची नोंद एवढे केले, तरी लसीकरणाची मागणी आकड्यांच्या आधारे पुढे नेता येईल. लस आली तरी गोठ्याची स्वच्छता, वासरांना वेगळे कोरडे अंथरूण आणि बेंबीची काळजी यांची गरज संपणार नाही, कारण हगवणीची सर्व कारणे विषाणूजन्य नसतात.

लिंगनिश्चित वीर्यमात्रांवर आज सरकारे आणि संघ खर्च करीत आहेत, जेणेकरून जास्तीत जास्त कालवडी जन्माला याव्यात. जन्मलेली कालवड दहाव्या दिवशी हगवणीने गेली, तर तो सारा खर्चही तिच्याबरोबर जातो. दुग्धविकासाचे मोजमाप संकलन केंद्रावरील लिटरांबरोबरच महिनाभर जगलेल्या वासरांच्या संख्येने होऊ लागले, तर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आणि घाटाखालच्या गोठ्यांचाही हिशेब अधिक खरा ठरेल.